उघाडी

करावे गावाच्या मागे, पामबीच ओलांडून,
बांधावर जिथे डांबर संपतं
तिथे मी स्टूल मांडते. रविवार, पावणेसात.
पाण्याच्या बाटल्या दोन, एक प्यायची, एक ब्रशची.
आजवर तीनदा चुकले आहे.

समोर उघाडी. सिमेंटचे दोन खांब, मध्ये सागाची फळी,
एका खांबावर कधीचं तरी ‘मतदान करा’,
त्यातला ‘न’ खाऱ्या हवेने खाल्लेला.
एवढंच. आणि चिखल.
पलीकडचा ट्रॉम्बेचा डोंगर मी काढत नाही,
तो फार पटकन छान येतो.

सोमवार ते शनिवार मी नेरुळच्या लॅबमध्ये दात घडवते.
लोकांना वाटतं, दात पांढरे असतात.
माझ्या टेबलावर सोळा छटांची पट्टी आहे
आणि ती सोळाही कमी पडतात:
मुळाशी पिवळट, कडेला राखी,
टोकाला, उजेड आरपार जातो तिथे, जवळजवळ निळा.
अठरा वर्षं पांढऱ्याकडे बघतेय,
वाटलं, चिखल सोपा जाईल.

पहिल्या वर्षी चिखल चिखलाच्या रंगाचा काढला.
सेपियाची ट्यूब, बस्स.
बहिणीने चित्र लांब धरून विचारलं,
हा आपला बेलापूरचा रस्ता का गं?

दुसऱ्या वर्षी कळलं,
पाणी ओसरल्यावर वीसेक मिनिटं तो आकाशाचाच असतो.
मग जांभळा, वांग्याच्या देठाजवळचा.
मग ऊन चढतं
आणि चिंबोऱ्यांच्या बिळांभोवती एक कड उजळत जाते.
ती कड.
ती मला जमेना.
पिवळं घातलं तर हळद, राखी घातलं तर राख.
श्रावण-भादव्यात तर कागदच वाळत नाही,
वॉश सांडतो खाली, आणि उघाडी वाहून जाते
कुणी न सोडता.

एकशे बाराव्यानंतर मी तीन रविवार झोपून काढले.
कपाटाच्या खालच्या खणात कागदांची चळत,
वर इस्त्रीच्या साड्या.
छान वाटलं, खोटं कशाला बोलू.
चौथ्या रविवारी पावणेसहालाच जाग आली
आणि डोळे मिटून पडल्या पडल्या
मी फळीचे खिळे मोजत होते.
सात की आठ? एकशे बारा वेळा काढलेले खिळे,
आणि सात की आठ?

गेले. आठ होते.

हसुराम तांडेल बांधावरून येत होता,
हातात ओली पिशवी, आत काहीतरी खरखरत.
“परत तीच उघारी? दुसरं काय मिलत नाय तुला?”
मी म्हटलं, अजून हीच जमत नाही.
म्हटलं, आज पाणीही नाही फारसं.
“भांग हाय. थोरंच येल.”
मग फळीकडे बघत, जणू तिलाच,
“पन येल.”
आणि हसला.

वरचा एक सुळा, एकटाच,
तंबाखूने, उन्हाने, साठ-पासष्ट वर्षांच्या मिठाने
असा पिकलेला, की माझा हात थांबला.
माझ्या पट्टीतला शेवटचा खुंट, त्यात किंचित राखी,
आणि कडेला, अगदी कडेला,
थोडा गुलाबी.
गुलाबी! ते मी कधी घातलंच नव्हतं.

“हसुरामदादा, तोंड जरा उघडं ठेवा.”
“काय?”
“तोंड. एक मिनिट.”

तो उभा राहिला बिचारा, डॉक्टरपुढे राहावं तसा,
पिशवीतल्या चिंबोऱ्या वैतागलेल्या,
आणि मी दातावरून चिखल मिसळत होते.

कड आली. पूर्ण नाही.
डावीकडची तीन बिळं बरी, बाकीची अजून हळद.
उजवा खांब तिरका गेला, तो नेहमीच जातो.

कागद उलटा करून पेन्सिलीने लिहिलं:
११३. भांग.
पाणी चौथ्या खिळ्यापर्यंत.